थांबासाहेबांचा आठवडा

माझे धाकटे दीर नगरपालिकेत लिफ्ट तपासनीस होते. चौतीस वर्षं. कुठल्याही लिफ्टसमोर उभे राहिले की हात आडवा घालून म्हणायचे, "थांबा." मग दार तीनदा उघडू द्यायचं, तीनदा मिटू द्यायचं, आत एकट्याने जाऊन वर-खाली करून यायचं, आणि मगच बाकीच्यांना आत घ्यायचं. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा दवाखान्याच्या लिफ्टपाशीसुद्धा त्यांनी हे केलं. स्ट्रेचरवरून माझा नवरा ओरडला, "अरे, तू लिफ्ट तपास, मी जिन्याने जातो!" त्या खेपेला तो वाचला, म्हणून हे मला हसून सांगता येतं.

ऑफिसात त्यांना थांबासाहेब म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही. शहरातल्या चारशेच्या वर लिफ्टमध्ये आतल्या कार्डावर त्यांची सही असायची. एकही लिफ्ट कधी पडली नाही.

त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक लेक तेव्हा आली होती, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. विमानाने नऊ तास लांब राहते ती. पंधरा दिवस राहिली, परत गेली, आणि मग आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. आली नाही, एवढंच. दर रविवारी फोन करायची. तिच्या मुलीची उंची भावजींनी त्या वेळी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवून ठेवली होती, एकशे बारा सेंटिमीटर, तारखेसकट. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला तेवढा हातभर तुकडा सोडायला लावला.

गेल्या वर्षी एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तिथे येऊन आम्ही करायचं तरी काय? दोन खोल्या. मुलीला कंटाळा येतो."

दुसरा कोणी बाप असता तर रुसला असता, निदान आवंढा तरी गिळला असता. भावजींचा चेहरा उजळला. का, ते मला नंतर कळलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तक्रार नोंदवली गेली होती, आणि नोंदवलेली तक्रार दूर करता येते, हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम.

दोन महिन्यांनी ते एक गुळगुळीत कागद घेऊन माझ्याकडे आले. शहराबाहेर नवं थीम पार्क झालं होतं, त्याच्या आतच रिसॉर्ट. तिथलं दोन खोल्यांचं घर टाइमशेअरवर मिळत होतं. म्हणजे घर आपलं नव्हे, वर्षातला एक ठरावीक आठवडा आपला, तीस वर्षं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाहणीला जोडप्यानेच यावं.

"वहिनी, दोन माणसं लागतात. याल?"

"कोण म्हणून?"

"दुसरं माणूस म्हणून."

मी गेले.

बसने अडीच तास. फाटकाशी प्लास्टरचा राजवाडा, त्याचे कळस गुलाबी. भावजींनी आत शिरायच्या आधी खांबावर बोटाच्या पेराने टकटक केलं. "पोकळ आहे," म्हणाले, "पण भार नाहीये, चालेल." आणि फॉर्मवर पहिली खूण केली. हो, फॉर्म. त्यांनी घरून फॉर्म करून आणला होता, अडतीस रकान्यांचा. गजांमधलं अंतर. न्हाणीघराच्या फरशीची घसरण. झोक्यांचे बोल्ट. पट्टे. ब्रेक. खिशात टेप, बगलेत पाणसळ.

आम्हाला एक सल्लागार बाई दिली होती. पस्तिशीची, अंगात कोट, आणि हसणं असं की ते तिने सकाळीच इस्त्री करून घातलं असावं.

"किती गोड जोडी! काका-काकू, लग्नाला किती वर्षं झाली?"

"कोणाच्या?" मी म्हटलं. "माझा नवरा गेला, यांची बायको गेली. आम्ही उरलेले. हे माझे दीर."

ती अर्धा क्षणसुद्धा अडखळली नाही. "काही हरकत नाही. कुटुंब म्हणजे कुटुंब!"

नमुन्याचं घर खरंच चांगलं होतं. मोठा पलंग, शेजारच्या खोलीत एक छोटा पलंग, त्याच्या उशाला अस्वलाचं चित्र. भावजी पोटावर झोपून पलंगाखाली शिरले. बाईने माझ्याकडे पाहिलं. "काही पडलं का काकांचं?"

"नाही. स्क्रू बघतायत."

लिफ्टशी तर सोहळाच. थांबा, तीनदा उघडझाप, एकटे वर, एकटे खाली. बाहेर येऊन म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर अर्धा इंच खाली थांबते. लहान पाऊल अडखळेल." बाई म्हणाली, "लगेच करून घेऊ सर," आणि काहीच लिहून घेतलं नाही. भावजींनी लिहिलं.

मग पार्क. कामाचा दिवस होता हे मान्य, तरी एवढ्या मोठ्या जागेत माणसं मोजायला माझी बोटं पुरली असती. आकाशपाळणा फिरत होता, सगळे पाळणे रिकामे. तो चालवणारा पूर्वी गोदीत क्रेन चालवायचा. दोघांची पाच मिनिटांत अशी गट्टी जमली की जणू एका आईचे. मोटर, गिअर, ग्रीस, मध्येच हसणं.

"एक नंबर मशीन आहे साहेब," तो म्हणाला. "रोज रिकामंच फिरवतो, गंजू नये म्हणून."

"रोज रिकामं?" मी विचारलं.

"बाई, आता मशीनला काय माहीत आत कोण आहे नि कोण नाही."

भावजींनी 'आकाशपाळणा' या ओळीपुढे खूण केली, दोनदा.

पुढे मुलांची छोटी आगगाडी. तिच्यापाशी लाकडी अस्वल उभं, पंजा आडवा धरलेला. पंज्याहून बुटकं मूल असेल तर गाडीत बसता येत नाही. भावजींनी टेप लावला. एकशे दहा. ते इतके हसले की मला त्यांच्या पडलेल्या दाढेची जागा दिसली. "बसते वहिनी! दोन सेंटिमीटर वर. बसते!"

मीही म्हटलं, "वा, बरं झालं." माझ्याही डोळ्यांपुढे तीच आली, समोरचे दोन दात पडलेली. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. सहात आठ मिळवायला मला काय धाड भरली होती?

शेवटी टेबल. चहा, बिस्किटं आणि कागद. प्रश्न मी विचारले, तेवढं श्रेय मला द्या. आठवडा बदलता येतो का? नाही, सुट्टीतला हवा तर हाच, दरवर्षी हाच. नको झाला तर परत घेता का? नाही मॅडम, पण दहा दिवसांत रद्द करता येतो. त्यानंतर विकायचा झाला तर?

"विकायचा कशाला? हा तर वारसाने मुलीला जातो," बाई म्हणाली. "दरवर्षीच्या देखभालीच्या खर्चासकट."

मला ते ऐकून लेकीची दया आली. भावजींना ऐकून आनंद झाला. "म्हणजे मी नसलो तरी तिला यावंच लागेल," ते म्हणाले.

मी त्यांचा फॉर्म ओढून घेतला. अडतीसच्या अडतीस खुणा. "भावजी, यात 'लेक येणार का' हा रकाना कुठाय?"

"तो तपासणीचा विषय नाही, वहिनी."

"मग तिला आत्ता फोन लावा. विचारा."

"दुरुस्ती पुरी झाल्याशिवाय कळवायचं नसतं. लोक उगीच आशेवर राहतात."

इथे मी हट्ट धरायला हवा होता. पण साडेचारची बस होती, मला भूक लागली होती, त्या बाईचं हसणं सोसवत नव्हतं, आणि थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "बरं, करा एकदाची सही आणि चला." आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवणाऱ्या माणसाला त्या दिवशी कोणीतरी थांबवायचं होतं. मी घाई केली. त्यांनी सही केली, लिफ्टच्या कार्डावर करायचे तशीच, खाली दोन रेघा मारून.

रविवारी फोन आला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या घरी होते. त्यांनी स्पीकर लावला आणि उभं राहून सांगितलं, अहवाल वाचावा तसं. अस्वल, आगगाडी, एकशे दहा.

मग लेक म्हणाली, "बाबा, ती चौदा वर्षांची आहे. माझ्या चपला घालते आता."

"हो," भावजी म्हणाले. "हो, बरोबर."

"आणि त्याच आठवड्यात तिचं पोहण्याचं शिबिर असतं. दरवर्षी. मलाही तेव्हा रजा नसते. आधी विचारायचं तरी. काकू, तुम्ही होतात ना तिथे?"

"होते," मी म्हटलं.

"उंची किती आता तिची?" भावजींनी विचारलं.

"एकशे बासष्ट. का?"

फोन ठेवून त्यांनी टेप काढला आणि चौकटीला लावला. जुन्या खुणेच्या वर, हातभर वर, एकशे बासष्टवर बोट ठेवून उभे राहिले. मी पेन्सिल पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"माणूस समोर उभं असल्याशिवाय खूण करता येत नाही," म्हणाले.

दहातले सहा दिवस उरले होते. मी त्याच संध्याकाळी रद्द करायचं पत्र लिहून आणलं. फक्त सही हवी होती.

"कारण काय लिहिलंत?"

"अडचणीमुळे."

"वहिनी, मशीन चांगलं आहे. घर चांगलं आहे. मी स्वतः पास केलंय. नापास कशावर करू?"

"माणसं येणार नाहीत यावर करा! रिकामा पाळणा फिरवत बसणार आहात का तीस वर्षं?"

मी रोज जाऊन बोलले, गोड बोलले, ओरडले, एकदा तर त्यांच्या मेलेल्या बायकोची शपथ घातली, जी गोष्ट मी एरवी मूर्खपणाची मानते. पत्र टेबलावर टेपखाली दाबून ठेवलेलं. दहावा दिवस गेला. रद्द केलं असतं तर ती येणार नाही हे त्यांच्याच सहीने ठरलं असतं, आणि तेवढी एक सही त्यांच्या हातून होईना.

यंदा त्यांचा आठवडा आला. ते गेले. चौथ्या दिवशी मी बस पकडून बघायला गेले, कारण फोनवर म्हणत होते की मजेत आहे, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नव्हता.

राजवाड्याचा गुलाबी रंग पावसाने फिका पडला होता. सल्लागार बाई नोकरी सोडून गेली होती. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर बरोबर जमिनीला थांबली. त्यांनी पाठपुरावा करून ते काम करून घेतलं होतं. घरात सगळं जिथल्या तिथे. छोट्या पलंगावर टॉवेलचा ससा.

"हे काय?"

"सफाईवाली करते रोज. तिच्या कागदावर 'मुले : एक' असं आहे."

"मग सांगा ना तिला, की नाही म्हणून."

"मीच तसं लिहून दिलंय," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता, मी विसरलेच होते. लेक म्हणाली, "कसं आहे तिथे, बाबा?"

"सगळं व्यवस्थित. लिफ्ट नीट करून घेतली."

"अरे वा. आराम करा छान."

मी हाताने खुणावत होते, विचारा, विचारा, पुढच्या वर्षी येतेस का म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगी बरी आहे?" एवढं विचारलं. बरी होती, पोहायला गेली होती. फोन बंद झाला.

"का नाही विचारलंत?"

"आता तिची काही तक्रार नाही, वहिनी," ते म्हणाले. "कंटाळा येतो असंही नाही म्हणाली."

खाली आकाशपाळणा रिकामा फिरत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही याल का, पूर्ण आठवडा? दोन माणसांचं जेवण धरलेलंच असतं."

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि मला खोटं बोलता येत नाही. "बघू," म्हटलं. त्यांना फॉर्म वाचायची सवय आहे, त्यांनी ते बरोबर वाचलं. छोट्या पलंगाशी जाऊन सशाचा वाकलेला कान सरळ केला, आणि मला बसपर्यंत पोचवायला चपला घातल्या.