पेन पेटीत ठेवलं ते नऊ दिवस

आमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, त्याच्या दोनच दिवस आधी मला नागपूरच्या एका मासिकाचं कार्ड आलं होतं. विशेषांकासाठी कथा हवी, महिनाअखेर हाती पडली पाहिजे. तोवर मी आपण होऊन पाठवायची आणि ते छापायचे किंवा परत करायचे, त्यांची मर्जी. कोणी मागितलेली ही पहिलीच कथा. माहेर-सासर दोन्ही घरं मिळून बी.ए. झालेली मी एकटी. वर्ध्याच्या कॉलेजात एस.टी.नं जाऊन-येऊन शिकले, आणि हे सांगायला मला तेव्हाही संकोच नव्हता, आजही नाही. मागितली आहे तर वेळेवर जाणारच, असं मी धरून चालले होते. दोन पानं उतरवूनही झाली होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या चैत्रात देवळीकडच्या गावांमधून कांजण्यांची साथ फिरत होती. आमच्या घरात तिनं माझ्या सासूला गाठलं, पन्नाशीच्या बाईला. तिच्या लेखी त्या कांजण्या नव्हत्या. घरात माता आली होती, आणि माता आली की घरानं कसं वागायचं ते ठरलेलं होतं. बाहेरचं कोणी आत येणार नाही, आतलं कोणी बाहेर जाणार नाही. फोडणी नाही, वेणीफणी नाही. मला लहानपणीच कांजण्या येऊन गेल्या होत्या म्हणून मी आत राहिले. नवरा आणि सासरे शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर राहायला गेले. सकाळी नवरा दुधाचा गंज ओट्यावर ठेवायचा आणि अंगणातूनच विचारायचा, "माय कशी हाय?" मी आतून सांगायची, "बरी हाये." मग तो जायचा. विहीर मागच्या अंगणात होती, तेवढीच माझी बाहेरची हवा.

मला वाटलं, बरंच झालं. पाहुणे नाहीत, शेतातली भाकर पोचवणं नाही. लिहायला याहून चांगले दिवस कुठले मिळणार? दुपारी सासूला डोळा लागलेला पाहून मी कागद काढले.

"काय करून राह्यली वं?"

"काही नाही आत्याबाई, लिहून राह्यले."

"पेन ठेव. टोक हाय त्याले."

टोचणारं, कापणारं हाती धरायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. सुई मी वर ठेवली होती, विळा गुंडाळून ठेवला होता, भाजीसुद्धा हातानं तोडत होते. पण पेन त्यात धरलं जाईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, कागदाला टोचतं, माणसाला नाही. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी जाऊन स्वयंपाकघरात बसले आणि अर्धं पान लिहिलं.

संध्याकाळी तिचा ताप चढला. पेनानं ताप चढत नाही, एवढं मला कळत होतं. पण तिला ते पेनामुळेच वाटत होतं, आणि तरी ती मला एक शब्द बोलली नाही. पाणी द्यायला गेले तर आधी माझ्या हातात पेन आहे का ते पाहिलं तिनं. ती भ्याली होती. मी पेन पेटीत टाकलं आणि पेटीला कडी लावली. महिनाअखेर डोळ्यांसमोर होती, पण त्या बाईला भीतीत ठेवून लिहिणं मला जमलं नसतं.

तिसऱ्या दिवसापासून खाज सुरू झाली. मी लिंबाच्या डहाळीनं अंगावरून झाडत बसायची. ती खाजवू नये म्हणून काहीतरी बोलत राहावं लागे. गावातल्या बातम्या पहिल्या दुपारीच संपल्या, तेव्हा मी तिला माझी कथाच सांगायला लागले. एक शेतकरी बाई. नवरा चारचौघांत तिच्यावर हात उचलतो. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात शिंपडतात ना, त्या सीतादहीच्या सकाळी ती दहीभाताचं भांडं तिथंच टाकून कायमची माहेरी निघून जाते.

सासू कोपरावर उठली. "सीतादही न करता गेली?"

"हो. तोच तर मुद्दा आहे."

"मुद्दा तुया कॉलेजात. वावरात सरकी कोनं टोबली होती?"

"तिनंच."

"निंदन कोनं केलं?"

"तिनंच."

"मंग पयला कापूस त्या मुर्द्याले काऊन सोडून जाईन ते? दही शिंपीन, पयली वेचनी आपल्या वटीत घेईन, आन त्या वटीसगट जाईन. कोन अडवते तिले?"

मी दोन दिवस तिच्याशी त्या बाईवरून भांडले. म्हटलं, रीत मोडणं हेच तिचं बंड आहे. ती म्हणायची, "बाईनं आपलाच कापूस टाकून जावं याले तुई बुक बंड म्हनते काय?" मी स्वतः कापसाच्या घरची. आईच्या मागून दरवर्षी सीतादहीला गेलेली. तरी ते दही कशाचं आहे, हक्काचं की नुसत्या रीतीचं, हे मी लिहिताना पाहिलंच नव्हतं. पाचव्या दिवशी झाडता झाडता मी म्हटलं, "बरं, नेऊ द्या तिला ओटीत कापूस." ती म्हणाली, "आता कशी शायनी झाली." मग पुढची कथा आम्ही दोघींनी मिळून रचली. मी रोज सकाळी ती पहिल्यापासून मनात म्हणून पाहायची, शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

नवव्या दिवशी तिला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, दारचा डहाळा उतरवला. महिना संपायला तीन दिवस होते. मी चुलीकडे वळले तर ती म्हणाली, "पेटी उघड. भाकरी मी टाकतो." उभं राहवत नव्हतं, बसून थापल्या तिनं. आधीची अडीच पानं मी फाडली आणि दिवस मावळायच्या आत सगळी कथा उतरवली, एकाही खाडाखोडीशिवाय. दुसऱ्या दिवशी देवळीहून सायकलनं येणाऱ्या पोस्टमनच्या हातात पाकीट दिलं.

आठवड्यानं संपादकांचं पत्र आलं. कथा वेळेवर पोचली, आवडली. मात्र नायिका विधी अर्धवट टाकून गेली तर शेवट अधिक धारदार होईल, तेवढा बदल करून द्याल का? मागून घेतलेली पहिली कथा परत येण्याची भीती होतीच. पण कार्ड लिहायला मला वेळ लागला नाही. लिहिलं, "बदल होणार नाही. कापूस तिचा आहे. पटत नसेल तर कथा परत पाठवावी."

महिनाभर काही कळलं नाही. मग अंक आला. कथा होती तशीच छापली होती, माझ्या नावापुढे बी.ए. लावून. सासूला ओट्यावर बसवून मी सगळी वाचून दाखवली.

"वटीत कापूस किती नेला, ते नाई लिहलं तुनं," ती म्हणाली.

"जितका तिला उचलवला तितका."

"मंग तसं लिहाचं होतं ना."