बहात्तर ठोके

उंद्रीत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो रोज संध्याकाळी सहाला आमच्या ओट्यावर मरायचा.

बाकी गावाला माझा गुण ठाऊक होता. मी विहिरीत पाहिलेला साप दुसऱ्यांदा सांगताना अजगर व्हायचा आणि तिसऱ्यांदा त्याला मिशा फुटायच्या. अशा माणसानं चिखलीला जाऊन ॲम्ब्युलन्सवरच्या टेक्निशियनचा कोर्स करायचा ठरवला, म्हणजे अपघातातला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत जिवंत ठेवायचा कोर्स, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पेशंटले गोष्टी सांगून मारू नोको म्हंजे झालं."

मरणारे ते शेजारचे काका. शाळेतून निवृत्त झालेले कारकून. काकू जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. परीक्षेला बसायचं तर आधी एक वही भरावी लागे. रोज माणसाची नाडी मोजायची, श्वास मोजायचा, लिहायचं. गावातले लोक मला पाहून हात खिशात घालायचे. काका मात्र स्वतःची सतरंजी घेऊन यायचे.

"आज कोनता आजार, डाक्टर?"

मी हार्ट अटॅक म्हटलं की काका छाती धरून असे कोसळायचे की बोळातली कुत्री रडायला लागायची. विंचू चावला की त्यांची बोंब पार धामणगाव बढ्यापर्यंत जायची, तिथल्या बाया म्हणे चुलीवरचं दूध उतरवून ठेवायच्या. अर्धी गल्ली तमाशाला जमायची. मग मी त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवायचो आणि काका एकदम गप्प व्हायचे, डोळे मिटून घ्यायचे. त्यांचा हात धरणारं घरात कोणी उरलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. वहीत त्याचा रकाना नव्हता.

नाडी मात्र त्यांची आमच्या चिखलीच्या एसटीसारखी चालायची. दोन ठोके नीट, मग खड्डा, मग तीन घाईघाईनं. पहिल्या दिवशी तीनदा मोजली. एकसष्ट, सत्याऐंशी, चौऱ्याहत्तर. मला वाटलं, मलाच मोजता येत नाही. पुस्तकात बहात्तर होतं. मी बहात्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. अजगराला मिशा लावणाऱ्याला एका आकड्याचं काय मोठं.

वही भरत आली. परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना वर्गात मॅडमनी अडखळणारी नाडी शिकवली. म्हणाल्या, "दोन ठोके येऊन तिसरा गळतो, अशी नाडी लागली तर आपलं मोजणं चुकलं म्हणून सोडायचं नाही. त्याच दिवशी ईसीजीला पाठवायचं. आणि मनचे आकडे लिहिलेली वही सापडली, तर त्याला मी परीक्षेला बसू देणार नाही."

बसमध्ये ठरवलं, आज सांगायचं. घरी आलो तर काका सतरंजीवर तयार.

"आज काहीतरी मोठं दे बे. लकवा देतं का?"

मी मनगट धरलं. दोन ठोके, खड्डा.

"काय म्हन्ते?" काका डोळे न उघडता म्हणाले.

"घड्याळ हाये काका, घड्याळ."

"मंग लिह्य."

त्यांना दवाखान्यात नेलं असतं तर ईसीजीचा कागद आला असता, आणि माझ्या वहीची पानंच्या पानं खोटी पडली असती. जे काळीज इतके महिने चाललं ते नऊ दिवस चालेल, असा मी हिशोब केला. नऊही दिवस बहात्तर लिहिलं.

परीक्षेत रबराचा पुतळा होता. त्याला नाडीच नव्हती, म्हणून तिथं मी एकदाही खोटं बोललो नाही. पास झालो. संध्याकाळी काकांना म्हटलं, "उद्या माह्यासंगं चिखलीले चाला. एक मशीन हाये, काळजाचा फोटो काढते."

"फोटो काढाचा म्हन्ते तर दाढी करा लागन," काका म्हणाले.

सकाळी ते त्यांच्या ओट्यावर दाढी करता करता पडले. अर्ध्या गालाला फेस तसाच. मी छाती दाबायला लागलो, अगदी शिकवली तशी, तीस दाबा, दोन श्वास. फेस माझ्या तोंडात गेला. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकून थांबला.

"परीक्षा झाली न बे? मंग आता काऊन दाबून राह्यला?"

दोघंतिघं हसले. मी ओरडलो तेव्हाही हसले. माझ्या ओरडण्यावर कोण विश्वास ठेवणार. आई धावत आली आणि रडायला लागली, तेव्हा कोणीतरी ॲम्ब्युलन्सच्या गाडीला फोन लावला.

चिखलीत डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी नाडी अनियमित वाटली होती?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "बहात्तर. रोज."

पुढे परवाना पोस्टानं आला. मॅडमनी वही परत दिली, वर लाल शाईत शेरा: नोंदी उत्तम. आता मी गाडीवर असतो. प्रत्येकाची नाडी पुरं मिनिट मोजतो, मग परत मोजतो. ड्रायव्हर म्हणतो, "सोड न आता तो हात." अशा मोजण्यानं काही भरून निघत नाही. माझ्या बोटांना काकांचाच खड्डा लागतो, ज्याच्या नाडीत तो नसतो त्याच्याही.

वर्षश्राद्धाला काकांचा मुलगा आला. आईनं कौतुकानं वही त्याच्यापुढे ठेवली. तो पानं उलटत गेला. बोटानं एकेक आकडा वाचत गेला.

"बाबांना तपासायला पुण्याला नेऊ म्हणून दोन दिवाळ्या नुसतं बोललो मी," तो म्हणाला. "वर्षभर तेच बोचून राह्यलं होतं. पण तू तर रोज पाहत होता. काहीच नव्हतं न त्याहिले?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. उंद्रीत माझ्यावर विश्वास ठेवणारा दुसरा माणूस.

"काहीच नव्हतं, दादा," मी म्हणालो.

तो खूप वेळ रडला, आणि मोकळा झाल्यासारखा दिसला. मग म्हणाला, "शेवटचं पान मले देतं का? ठेवतो घरी."

पान नीट फाटावं म्हणून मी आतून पट्टी आणून दिली.