उतारावरचा गिअर

आमच्या हिला ट्रक शिकवताना मी जेवढा ओरडलो, तेवढा जन्मात कुणावर ओरडलो नसेन. मणका गेल्यापासून मला स्टिअरिंगवर बसवत नव्हतं, बदली ड्रायव्हर टिकत नव्हते, आणि खाणीवरचं काम सुटलं की ट्रक भंगारात जाणार हे ठरलेलं. "मी चालवते," ती म्हणाली. मी हसलो. चुकलंच माझं.

आमची गाडी जुनी. गिअर आपोआप जुळत नाही, इंजिनाचा वेग आपणच जुळवायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोड, थोडी रेस दे, पुन्हा क्लच, मग गिअर. चुकलं की असं करकरतं, आपलेच दात आंबावेत!

"अगं, आवाज ऐक!" मी बोंबलायचो.

"तुम्ही गप्प बसलात तर ऐकू येईल ना!"

तीन महिन्यांत गाडी तिचं ऐकायला लागली.

परीक्षेला मुकादमाने फर्मान काढलं: भरलेली गाडी खाणीच्या उतारावरून आणायची आणि मध्यावर गिअर बदलून दाखवायचा. जमलं तर काम, नाहीतर घरी. झाडून सगळे ड्रायव्हर तमाशा बघायला जमले.

तिने माथ्यावर गाडी थांबवली, दुसरा टाकला आणि त्याच गिअरमध्ये सावकाश खाली आली. मध्ये गिअरला हातसुद्धा लावला नाही.

"नापास," मुकादम म्हणाला. "गिअर कुठे बदललात, बाई?"

"भरल्या गाडीचा उतारावर बदलत नाहीत. निघाला आणि परत बसला नाही, तर गाडी कोण धरणार? तुम्ही? सपाटीवर शंभरदा बदलून दाखवते. इथे नाही. काम गेलं खड्ड्यात!"

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठी टेकत मी पुढे झालो.

"हसता काय? ब्रेक गेले म्हणून माझा मणका मोडला, असं तीन वर्षं सांगतोय ना मी? साफ खोटं! याच उतारावर गिअर बदलायला गेलो, तो बसलाच नाही. ब्रेकचा काही दोष नव्हता."

मुकादमाने कामाचा कागद मुकाट्याने तिच्या हातात दिला.

तिने तो घडी करून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. ते ब्रेक तिच्या सख्ख्या भावाने बसवले होते. तीन वर्षं ती त्याच्याशी बोललेली नव्हती.

"चढा वर," ती म्हणाली. "आधी दादाकडे जायचंय. तिथेही हेच सांगायचं, एवढ्याच मोठ्याने."