टोंबाचं घर कुठंय?

मुक्ता आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ता म्हणाली, की टीव्हीवरच्या मालिकांमध्ये कृष्णवर्णीय पात्रं कशी लिहितात, यावर तिला शाळेत बोलायचं आहे. एक तर गुंड, नाहीतर नायकासाठी जीव देणारा मित्र, नाहीतर हसण्यापुरता धिप्पाड माणूस. मग तिने विचारलं, "आजी, तुम्हाला तिकडे जव्हारला हे कळायचं का गं?" मी "हो" एवढंच म्हणाले. पुढचं सांगायचं तर आमच्या रेक्टरबाईंची ओळख करून द्यायला हवी, आणि ती फोनवर होण्यासारखी नव्हती. म्हणून लिहिते आहे.

रेक्टरबाई टीव्हीला प्रश्न विचारायच्या. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, आणि रविवारी दुपारी मुलींबरोबर टीव्ही बघायला मीही जाऊन बसायची. हिंदीत आवाज बदललेली एक परदेशी पोलिसांची मालिका मुलींच्या फार आवडीची होती. तिच्यात एक काळा, आडदांड शिपाई होता. त्याला सगळे टोंबा म्हणत. त्याचं खरं नाव मालिकेने कधी सांगितलंच नाही. नायकाला स्वच्छ हिंदी दिलेली, टोंबाला मात्र खेडवळ, अडखळणारी. तो दार तोडायचा, भुताला घाबरायचा, भरपूर खायचा. मुली हसून लोळायच्या. रेक्टरबाई पदराने चष्मा पुसत पडद्याला विचारायच्या, "याचं घर कुठंय रे?"

"अहो, करमणूक आहे ती," मी म्हणायची.

"असू दे की मॅडम. पण तो नायक घरी जातो, त्याची बायको त्याच्यावर रुसते. हा रोज जातो कुठं? याला आई नाही?"

तो प्रश्न त्यांच्या कामातूनच आलेला होता. नवी मुलगी वसतिगृहात आली, की वर्षाच्या आत तिचं घर बघून यायचंच, असा त्यांचा शिरस्ता होता. एसटी जाईल तिथपर्यंत एसटीने, पुढे पायी. स्वतः त्या जामसरच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. "घर बघितल्याशिवाय पोर कळत नाही," असं म्हणायच्या आणि परतताना कुणाकडची तरी काकडी, कुणाकडचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पिशवीतून घेऊन यायच्या.

आपल्याकडच्या मालिकांनाही त्या सोडत नसत. एकदा एका मालिकेत जंगलातले लोक दाखवले. डोक्याला पिसं, तोंडाला रंग, आणि भाषा म्हणून नुसतं हुर्र हुर्र. आमच्या मुली, ज्यांचं सगळं गणगोत जंगलाच्या कडेच्या पाड्यांवर, त्याच सगळ्यांत जास्त हसल्या. रेक्टरबाईंनी आवाज बंद केला.

"हसा, हसा. पण मला सांगा, तुमच्या पाड्यावर पिसं कोण लावतं?"

मागून एक जण म्हणाली, "कोंबडी."

मग त्याही हसल्या.

त्याच वर्षी सोमी आली. सूर्यमाळची, आठवीतली, अंगाने थोराड आणि वसतिगृहात सगळ्यांत काळी. महिन्याभरात मुली तिला टोंबा म्हणू लागल्या. जेवणाच्या रांगेत "टोंबाला दोन भाकरी जास्त", दार अडकलं की "टोंबाला बोलवा". रेक्टरबाई रागावल्या की तेवढ्यापुरतं थांबायचं. दिवाळीच्या सुट्टीत सोमी घरी गेली आणि परत आलीच नाही.

तिला आणायला आम्ही दोघी गेलो. सोमीचे आजोबा खळ्यात नागली झोडत होते. "पोर कायच सांगंना," ते म्हणाले. "शाळा नको बोलते. तुमी इचारा बाय." सोमी दाराआड उभी होती. आजोबांनी आम्हाला कोरा चहा दिला आणि पाहुण्यांना दाखवायचं म्हणून माळ्यावरून एक गाठोडं उतरवलं. जुन्या धोतरात गुंडाळलेला राक्षसाचा मोठा मुखवटा होता. त्यांच्या भागात बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं तो मान ठरलेला असतो. राक्षसाचा मान या घराचा. "देव कोनी पन नाचवील," आजोबा म्हणाले, "याला अंग लागतं." रेक्टरबाईंनी मुखवट्याला हात जोडले.

निघताना सोमी एवढंच बोलली, "मी टोंबा नाय."

"नाहीसच तू," रेक्टरबाई म्हणाल्या. "या वर्षी संमेलनाच्या नाटकात तू राणी."

सोमी आमच्याबरोबर आली.

नाटक मुलींनीच रचलं होतं. एक राक्षस डोंगरातलं सगळं पाणी गिळून बसतो आणि राणी प्रजेसाठी रडून रडून ते सोडवते. पाड्यांवरच्या उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरणाऱ्या मुलींना याहून जवळची गोष्ट सुचली नसती. पण सोमी राणी म्हणून लाकडासारखी बसायची. रेक्टरबाईंना वाटलं, लाजते. रंगीत तालमीच्या दिवशी तिच्या तोंडाला पावडर थापली, मुकुट चढवला. मधल्या सुट्टीत ती दिसेना. खोलीत जाऊन बघतो तर ती ट्रंक भरत होती.

"काय झालं गं?"

"राणीला काय काम हाय? बसाचा नि रडाचा. पोरी बोलतात, टोंबाला पीठ लावला."

"मग तुला काय करायचंय?"

"राक्षस," सोमी म्हणाली. "तो आमच्या घरचा हाय."

रेक्टरबाई त्या ट्रंकेवरच बसल्या. पदराने चष्मा पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, मी हिच्या घरी चहा प्यायले. तो मुखवटा माझ्या पुढ्यात होता. आणि तरी हिला न विचारता राणी करून टाकली. त्या मालिकावाल्यांचं आणि माझं काय वेगळं झालं?"

शाळेतल्या काही जणांनी हरकत घेतली. सगळ्यांत काळ्या मुलीला राक्षस केलं तर लोक काय म्हणतील? शंका रास्त होती. रेक्टरबाई म्हणाल्या, "मुखवटा चढवायचा, आणि शेवटी सगळ्यांसमोर उतरवायचा." कागदाचा लगदा नि खळ घालून मुखवटा सोमीनेच केला. संमेलनाला तिचे आजोबा आले, पहिल्या रांगेत उकिडवे बसले. संबळ वाजला आणि ती लाकडासारखी मुलगी अशी नाचली, की लहान पोरं आयांच्या मागे दडली. शेवटी तिने मुखवटा काढून काखेत धरला. घामेजलेली, धापा टाकणारी सोमी. आजोबा टाळ्या वाजवायचं विसरून शेजारच्याला म्हणाले, "पाय बराबर पडला."

घरी येताना रेक्टरबाई म्हणाल्या, "काढता येतो म्हणून मुखवट्याचा मान, मॅडम. टोंबाला तो कुणी काढू दिला नाही."

त्या दिवसापासून चिडवणं बंद झालं, असं मी म्हणणार नाही. दोघी-तिघी बरेच दिवस त्या नावाला चिकटून होत्या. पण सोमीची ट्रंक पुन्हा भरली गेली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मालिकेत टोंबा मेला. नायकावर झाडलेली गोळी त्याने छातीवर घेतली, आणि पुढच्याच प्रसंगात नायक हॉटेलात हसत जेवत होता. मी रेक्टरबाईंकडे पाहिलं, पण त्यांच्याआधी सोमीच बोलली. "बाई, याच्या घरी कोन सांगंल?"

मग मुलींनी त्याला घर दिलं. एकीने आई दिली, एकीने नदीकाठचं गाव. सोमीने तीन बकऱ्या दिल्या आणि त्याचं लग्न ठरलेलं होतं, असंही सांगितलं. मालिका संपून बातम्या लागल्या तरी ते चाललं होतं. रेक्टरबाईंनी उठून बातम्यांचा आवाज बंद केला.

निवृत्तीनंतर त्या जामसरला गेल्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मी भेटायला गेले, तेव्हा पुतण्यांच्या मुलांना जमवून टीव्हीपुढे बसल्या होत्या आणि प्रश्न तोच होता. दुसऱ्या वर्षी त्या गेल्याचं सोमीनेच येऊन सांगितलं. ती तोवर नर्सिंग शिकून कुटीर रुग्णालयात लागली होती.

मुक्ता, तुझ्या भाषणाला याचा कितपत उपयोग होईल ते तू ठरव. वसतिगृहाच्या सभागृहात तो कागदी मुखवटा अजून आहे. मध्ये उंदरांनी त्याचं नाक कुरतडलं होतं. मुलींनी नवीन करून लावलं.