पॉवर सप्लायवरची लाल खूण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीला नाही — आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या माझ्या भावाला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही समोर नाही आहात, म्हणून असेल. समोर कुणी असलं की मी विषय बदलते, हे मला आता पाठ झालंय.

पण आधी दादाबद्दल सांगू द्या. तो कसा होता हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही.

दादा, म्हणजे विनायक, माझा मोठा भाऊ. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. घराघरांत कॉम्प्युटर यायला लागले त्या काळात आम्ही दोघांनी सदाशिव पेठेत एक गाळा घेतला. सुटे भाग आणून मशीन जोडून द्यायचं दुकान. जोडणी दादाकडे; काउंटर, फोन आणि खरेदी माझ्याकडे. गिऱ्हाइकं प्रोसेसर कुठला विचारायची, रॅम किती विचारायची, मॉनिटर केवढा ते हात पसरून दाखवायची. पॉवर सप्लाय कुठला, हे मात्र कुणी म्हणजे कुणी विचारत नसे. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या नाजूक भागांना सोसेल अशी करून देणारी ती पत्र्याची पेटी. कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, बसवूनच यायची. आणि दादाचं पहिलं काम काय असायचं? ती उपसून बाजूला टाकायची.

"अहो, ती फुकट आली आहे ना?" गिऱ्हाईक कळवळायचं.

"हो. आणि जाताना बाकीचं सगळं घेऊन जाईल," दादा मान वर न करता म्हणायचा.

तो सप्लाय वेगळा आणायचा आणि त्याची परीक्षा घ्यायचा. आधी हातात तोलून बघायचा — आत तांबं आणि ॲल्युमिनियम पुरेसं असेल तर वजन लागतंच. मग जाळीतून टॉर्च मारून आतला ट्रान्सफॉर्मर केवढा ते बघायचा. वायरी चिमटीत धरून जाडी बघायचा. आणि मग खरी परीक्षा. मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब त्याला जोडून टेबलावर पेटवून ठेवायचे, बाजूला मीटर. दुपारभर. बारा व्होल्ट म्हणजे बारा; भार पडल्यावर आकडा खाली घसरायला लागला, की तो सप्लाय नापास. लेबलावर कितीही वॅट छापलेले असोत. "लेबल छापायला प्रेस लागतो, सप्लाय बनवायला अक्कल लागते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पास झालेल्या सप्लायवर तो लाल मार्करने एक 'व' काढायचा, लांब शेपटीचा. त्या खुणेशिवाय आमच्या दुकानातून एकही मशीन बाहेर पडत नसे.

बोलायला तिरकस होता तो, फार तिरकस. घासाघीस करणाऱ्याला सरळ सांगायचा, "गोड बोलणारं दुकान पलीकडे आहे." तरी लोक आमच्याकडेच यायचे. कारण दादाने दिलेलं मशीन चालायचं. बस, चालायचं.

आणि मी? लोक आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "साहेब आहेत का?" उत्तर मला येत असायचं. मी ते द्यायचेही. तरी ते म्हणायचे, "नको, साहेब आले की विचारतो." हे मी सबब म्हणून सांगत नाहीये — की सांगतेय? आतल्या आत मी कडू होत होते, एवढं खरं. दादाच्या त्या बल्बांच्या परीक्षा मला नाटक वाटायला लागल्या होत्या. दुपारभर दिवे पेटवून बसायचं, आणि लोकांनी वाहवा करायची.

तेव्हाच जगताप काका आले. खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, कर्वेनगरला राहणारे. त्यांची मुलगी रेवती जन्मापासून बोलू शकत नव्हती. हातपायही ताठ, पण एक बोट तिच्या ताब्यात होतं. तिच्या मामेबहिणीने, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीने, तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर चित्रं, एकेक चित्र कीबोर्डच्या एकेका कळेला जोडलेलं, आणि कळ दाबली की मामेबहिणीच्या आवाजातलं वाक्य. पाणी हवं. पाठ दुखतेय. टीव्ही बंद करा.

"पोरगी बोलणार हाय ह्याच्यावर," काका म्हणाले. "म्हणून मशीन साहेबांच्या हातचंच पायजे."

जोडणी झाली, फक्त सप्लाय बसवायचा राहिला. आणि दादा तापाने आडवा झाला. पास केलेले सप्लाय संपले होते. एका नव्या डीलरकडून माल तेवढा आला होता, नेहमीच्याच कंपनीचा, तसेच खोके, अजून न तपासलेला. काका चौकशीला आले. तुम्हाला वाटेल त्यांनी घाई केली असेल. नाही. काका म्हणाले, "काय गडबड न्हाई ताई. साहेबांना बरं वाटूंद्यात."

आणि मी म्हणाले, "साहेब कशाला लागतात? मी आहे ना."

काका बाकावर बसले. मी आत गेले, खोक्यातून एक सप्लाय काढला. तो हलका होता. हे मला सांगायलाच हवं — तो हलका होता, आणि माझ्या हाताला ते कळलं. इतके सप्लाय हाताळल्यावर कळणार नाही का? पण बाहेर काका माझी वाट बघत होते. दादाची नाही, माझी. मी लाल मार्कर उचलला आणि 'व' काढला. शेपटीसकट. पहिल्याच झटक्यात हुबेहूब जमला.

मशीन गेलं. कर्वेनगरला रेवती बोलायला लागली. काका पेढे घेऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, तुम्हीबी साहेबांच्या तोडीच्या." मी दोन पेढे खाल्ले.

दादा बरा होऊन आला, त्याने तो माल तपासला. संध्याकाळी सगळे खोके दारापाशी रचून ठेवलेले. "नकली आहे सगळा. लेबल चोख, आत भुसा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "यातला एकही बाहेर गेला नाही ना, सुमे?"

"नाही," मी म्हणाले. "काकांच्या मशीनला तुझा पास केलेला एक मागे उरला होता, तोच लावला."

कर्वेनगर किती लांब होतं हो? स्कूटरवरून जायचं, काहीतरी कारण सांगून सप्लाय बदलून यायचा. जाता आलं असतं. त्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात. पण मशीन चालत होतं — आणि चालतंय तोवर आपण बरोबर, असं मी स्वतःला सांगत राहिले.

उन्हाळ्यात काका कॅबिनेट स्कूटरवर पायापाशी ठेवून घेऊन आले. आरडाओरडा नाही. काउंटरवर ते ठेवलं, रुमालाने घाम पुसला आणि म्हणाले, "साहेब, काल दुपारपासनं पोरगी गप हाय."

सप्लाय मरताना हार्ड डिस्कला घेऊन गेला होता. दादा सांगायचा अगदी तसाच. रेवतीची सगळी वाक्यं त्या डिस्कवर, दुसरीकडे काहीच साठवलेलं नाही. मामेबहीण नोकरीसाठी बंगळूरला गेलेली. आणि ती वाक्यं एकदम भरलेली नव्हती. रेवतीला काय म्हणायचंय हे हळूहळू कळत गेलं, तशी एकेक जमवलेली.

दादाने पेटी उघडली. आत एवढासा ट्रान्सफॉर्मर, आणि बोर्डावर जिथे भाग हवेत तिथे रिकामी भोकं. कुणालाही कळलं असतं की हा नकली आहे. मग त्याने पत्रा उलटा केला आणि स्वतःचा लाल 'व' पाहिला. अंगठ्याने त्याची शेपटी घासून पाहिली.

तेव्हा बोलायचं होतं मला. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा — पण संशयाने नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्याला सुचलंच नाही. त्यापेक्षा स्वतःवर घेणं त्याला सोपं गेलं.

"काका," तो म्हणाला, "हा मी पास केलाय. व्होल्टेजचा दोष नाही, तुमच्या वायरिंगचा नाही. चूक माझी आहे."

तिरकस बोलणं कुठच्या कुठे गेलं होतं. ना डीलरला शिवी, ना कंपनीचं नाव. असा सरळ उभा राहून चूक पत्करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि चूक त्याची नव्हती. मी काय केलं? मी चहा सांगायला गेले.

मग दादाने जे केलं ते आठवलं तरी ऊर भरून येतो. त्याचं म्हणणं, डिस्कच्या आतल्या चकत्या शाबूत असतील, जळला असेल तो फक्त खालचा बोर्ड. अगदी त्याच बनावटीची दुसरी डिस्क मिळाली तर तिचा बोर्ड इकडे लावून बघता येईल. डिस्कच्या बनावटी दर काही महिन्यांनी बदलायच्या; त्या बनावटीचा माल एव्हाना बाजारातून गेला होता. दादा हिंडला. जुन्या बाजारात भंगाराचे ढीग उपसले, ओळखीच्या दुकानदारांच्या माळ्यांवर चढला, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून त्यांच्या डिस्कवरचे आकडे वाचून घेतले. दुकान मी सांभाळत होते. तो घामेजून परत यायचा, मान हलवायचा आणि पाणी पिऊन पुन्हा निघायचा. शेवटी एका छापखान्याच्या बंद पडलेल्या मशीनमध्ये ती सापडली.

मशीन जोडायला आम्ही दोघं कर्वेनगरला गेलो. नवा सप्लाय दादाने घरी तीन-तीनदा तपासलेला. बटण दाबलं, डिस्क फिरायला लागली आणि पडद्यावर चित्रं आली. काका लगेच सुरू झाले — बाळा, हे दाब, पाणी दाब, नाव दाब, साहेबांना नमस्कार दाब. रेवतीने बोट उचललं, सावकाश एका कळेवर आणलं, आणि मामेबहिणीचा आवाज खणखणीत आला, "बाबा, आता पुरे!"

काकांनी डोळ्यांना पंचा लावला. काकू हसत सुटल्या. रेवतीही हसत होती, सगळं अंग हलवून. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे, काका." त्या खोलीत सगळे आनंदात होते. मीही होते. लाज वाटत होती, पण आनंदात होते.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

दादाने त्यानंतर आपण मशीन दिलेल्या प्रत्येक घरी जायला सुरुवात केली. कॅबिनेट उघडायचं, सप्लाय काढायचा, पुन्हा परीक्षा. सगळे उत्तम निघाले. निघणारच! पण त्यामुळेच तो आणखी खचला. "मग तो एकच कसा सुटला?" तो मला विचारायचा. जेवताना, शटर ओढताना, रस्त्यात. "मी तो हातात धरला असेल ना, सुमे? मला कळलं कसं नाही?" आणि मी म्हणायचे, "होतं रे एखाद्या वेळी." सांत्वन करायचे मी त्याचं. ऐकताय ना? मी त्याचं सांत्वन करायचे.

एकच सप्लाय तो दिवसदिवस पेटवून ठेवायला लागला. पास करायचा, खूण करायचा, पुन्हा उघडायचा. मग खूण करायचंच थांबला. एक दिवस मार्कर माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तू बघत जा आता." काही महिन्यांनी त्याने एका कॉलेजात प्रयोगशाळेची नोकरी धरली. तिथे सगळं छापील पद्धतीने चालतं, कुणाला काही पारखावं लागत नाही.

दुकान मी चालवलं. त्याच्याच पद्धतीने — बल्ब, मीटर, दुपारभर. त्यानंतर एकही सप्लाय मी न तपासता दिला नाही, आजतागायत. त्याने काही फिटतं असं मला म्हणायचं नाही. लोक आता म्हणतात, "ताईंनी बघितलाय ना? मग झालं." जे मला हवं होतं, ते सगळं मिळालं.

परवा दादा दुकानात आला होता. त्याची मुलगी इरा आर्किटेक्चरला आहे, तिला दणकट मशीन लागणार. तो काउंटरच्या पलीकडे उभा राहिला, गिऱ्हाईक राहतं तिथे. मी म्हटलं, "आत ये ना. सप्लाय तूच निवड." तो हसला.

"नको गं. पोरीचं सगळं काम त्यावर राहणार. तूच बघून दे. तुझं चुकत नाही."

मी एक सप्लाय निवडला. त्याच्यासमोर भार लावून दाखवला, आकडा दाखवला. तो लांबूनच बघत होता, परक्या माणसासारखा अदबीने. "खात्री आहे ना?" त्याने विचारलं. "आहे," मी म्हणाले. तो अगदी निर्धास्त होऊन घरी गेला.

माझ्या भावाच्या पारखीतून एकही खोटा सप्लाय कधी सुटला नव्हता. एकही नाही. हे मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. दादाला अजून माहीत नाही.