सरपंच काकूंच्या सहीची फाइल

मूर्तिजापूरजवळच्या एका ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. सरपंच पन्नाशीच्या बाई. मी त्यांना काकू म्हणायचे. त्यांची डिजिटल सही तेव्हा एका फाइलमध्ये होती. ती फाइल म्हणजे किल्लीच. ती आणि तिचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला, त्याने केलेली सही काकूंचीच धरली जाणार.

दर कागदासाठी त्यांना वावरातून बोलवायचं, हे दोघींच्याही जिवावर यायचं. "तूच ठेव पोरी तुह्याजवळ," त्या म्हणाल्या. मी ठेवली, डेस्कटॉपवर. शेजारी पासवर्ड लिहिलेली दुसरी फाइल, कारण मी सुटीवर गेले तर गावाचं काम अडू नये. त्याच संगणकावर मी फुकटातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आधी अँटिव्हायरस बंद करा, असं त्यात लिहिलं होतं. मी केला. जुन्या फॉन्टमधले सगळे ठराव झटक्यात युनिकोडमध्ये आले, मग काय, मी खूश!

दोन महिन्यांनी ग्रामसभेत एका माणसाने कागद फडकावला. गुरं चारायच्या ई-क्लास जमिनीतून मुरूम खोदायला ग्रामपंचायतीची ना हरकत, आणि खाली काकूंची डिजिटल सही.

"गाव इकलं का वं तुनं?" तो ओरडला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत ऑफिसात गेले. फाइल होती तिथेच होती. मला हायसं वाटलं, इतकी मी मूर्ख. अशी फाइल चोरीला गेली तरी जागेवरून हलत नाही, चोर तिची नक्कल नेतो. हे मला बसल्या बसल्या उमगलं. ते फुकटचं टायपिंग माझ्या संगणकात बसून अशाच फाइली हुडकत असणार. आणि पासवर्ड तर मीच शेजारी मांडून ठेवला होता.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. आठ दिवस नाही. माझी नोकरी कंत्राटी होती आणि मी घाबरले होते, दुसरं कारण नाही.

चौकशी अकोल्यात होती. काकूंचं पद जाणार, गुन्हाही दाखल होईल, असं गावात बोललं जात होतं. बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या आणि डब्यातली भाकर मला अर्धी दिली. मी ती तशीच हातात धरून बसले.

"ना हरकतीवरची सही तपासली," चौकशी करणारे साहेब म्हणाले. "खरी आहे."

"मी त्या सहीच्या दिवशी तूर सोंगून राहिली होती, साहेब. मले तं ते बटन बी माहीत नाही."

"मग सहीची फाइल कोणाजवळ होती?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याजवळच," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पेन उचललं. ते लिहायला लागले आणि मला राहवलंच नाही. मी उभी राहिले. "खोटं आहे, साहेब. माझ्याजवळ होती. उघड्यावर ठेवली होती." मग टायपिंगपासून पासवर्डपर्यंत सगळं सांगितलं, रडत रडत, एका दमात.

संगणक जप्त झाला. तपासात ती चोरी सापडली, आणि चोराकडून सही विकत घेणारा मुरूमवालाही. ना हरकत रद्द झाली, काकूंचं पद राहिलं. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी वाचली.

नवी सही टोकनमध्ये आली. पेनड्राइव्हएवढी वस्तू, तिच्यातून किल्लीची नक्कल काढता येत नाही. काकू आता दर कागदाला वावरातून स्वतः येतात. येताना माझ्यासाठी कधी वाळकं आणतात, कधी ओला हरभरा. आईची चौकशी करतात. टोकन स्वतःच्या हाताने लावतात, त्याचा पासवर्ड टाकायला एक बोट कीबोर्डवर धरतात आणि थांबतात.

"पोरी," त्या पूर्वीच्याच मायेनं म्हणतात, "जराशीक तिकडं पाह्य."

मी भिंतीकडे तोंड करते.