मांडीवरचा लॅपटॉप

"आवो, खाली ठेवा ते, मांडी भाजंल!" मुलीची आई ओरडली, पण विंचूरला मुलगी बघायला आलेला माझा मित्र ऐकेल तर शपथ. "वीज गेली तरी तीन तास चालतो," ही बढाई मारून झाली होती. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचाही. आदल्या दिवशी घातलेली नवी सिस्टीम मात्र बॅटरी पिऊन लॅपटॉप नुसता तापवत होती. वीज गेलीच. लॅपटॉपचा पंखा चक्कीसारखा घरघरला, तापल्या प्लास्टिकचा वास ओसरीभर पसरला, वर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती. मित्राच्या डोळ्यांत पाणी, आणि चहा संपायच्या आत पडदा काळा. "जावईबापू, चूल इझली का?" मुलीचे काका खदखदले. माझा लॅपटॉप तापला की अजून तीच ओसरी आठवते. काकांनी तिथंच पुतणीला विचारलं, "पसंत हाय का?" कप गोळा करत ती म्हणाली, "नाय. त्यांना मलम देऊन धाडा."